नाइट ड्यूटीवाली सून

परळच्या सरकारी हॉस्पिटलात मी नर्स होते, तेव्हा आमच्या लालबागच्या चाळीत माझा भाव फार मोठा होता. कुणाची शुगर वाढली, कुणाला इंजेक्शन टोचायचं असलं की दार माझंच वाजायचं. "तुझ्या हाताला गुण आहे गं," म्हणायचे सगळे. फक्त लग्नाचा विषय निघाला की त्याच हातांना फिनेलचा वास यायला लागायचा.

वरच्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा आणि मी बरेच दिवस शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसत होतो. तो प्रभादेवीच्या एका ऑफिसात एसीत काम करायचा, त्यामुळे घरात त्याचा मान वेगळाच. शेवटी त्याने धीर करून आईला सांगितलं. काकू दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे आल्या, चहा घेतला आणि माझ्या आईला म्हणाल्या, "मुलगी गुणाची आहे हो, पण रात्र रात्र बाहेर राहणारी सून आमच्याकडे नाही चालायची." जाण्याआधी माझ्याकडून बीपी तपासून घेतलं. वाढलेलं होतं. गोळी चुकवू नका, असं मी सांगितलं. दुसरं काय सांगणार?

तो म्हणाला, "आईला दुखवता येत नाही यार मला." मला दुखवता येत होतं, तेवढी तरी सोय झाली.

आठवडाभर मी मोरीत नळ सोडून रडले. मग दादरला इंग्रजीचा क्लास लावला. बाहेरदेशी जायचं तर परीक्षा द्यावी लागते, आणि तीत समोर एक धडधाकट माणूस पेशंटचं सोंग घेऊन बसतो. त्याला धीर द्यायचा. आमच्या वॉर्डात जमिनीवर गाद्या टाकून पेशंट झोपलेले, तिथे आमचा धीर म्हणजे, "काका, हात हलवू नका, सुई निघेल." परीक्षेत मात्र "तुम्हाला किती त्रास होत असेल, मला कळतंय," असं गोड आवाजात म्हणायचं होतं. पहिल्या वेळी नापास झाले. बहुधा वॉर्डातल्या आयांसारखी दरडावत असणार. दुसऱ्या वेळी इतकी कळवळले, की सोंगाड्यालाच बरं वाटलं असावं.

ऑस्ट्रेलियाने मला घेतलं. म्हणजे मेलबर्नने नाही; तिथल्या नर्सेस जायला तयार नसतात अशा एका लांबच्या गावातल्या वृद्धाश्रमाने. म्हाताऱ्यांना आंघोळी घातल्या, त्यांच्या शिव्या खाल्ल्या, न आलेल्या मुलांची वाट बघायला त्यांच्याशेजारी बसले. काही वर्षांनी पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, मिळाला. आईने गॅलरीत उभं राहून ते सांगितलं. पीआर म्हणजे काय ते चाळीत कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, पण कायमचं काहीतरी मिळालंय एवढं सगळ्यांना कळलं.

काकू आईकडे पेढे घेऊन आल्या. मुलाचं अजून जमलं नव्हतं. "आपल्याच डोळ्यांसमोर वाढलेली पोर," असं त्या माझ्याबद्दल म्हणाल्या म्हणे. रविवारी दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. केस विरळ झाले होते, बाकी तोच. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "बायकोच्या पीआरवर आलं तर नवऱ्याला काम करता येतं ना?"

"येतं की. माझ्या इथेच जागा आहे. म्हाताऱ्यांचे डायपर बदलायचे, आंघोळी घालायच्या."

"आणि टायमिंग?"

"सुरुवातीला नाइटच असते."

"आईला विचारून सांगतो," म्हणाला. खरंच तसं म्हणाला, मी पदरचं काही घालत नाहीये. नंतर फोन आला नाही. पुढे त्याचं लग्न माटुंग्यातल्या एका बँकवालीशी झालं.

आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. हसता हसता थांबली आणि मालवणीत शिरली, कारण खरं विचारायचं असलं की ती तिथेच जाते.

"तुका तो होयो होतो काय गो?"

"होयो होतो," मी म्हटलं. "तेव्हा हवा होता."

पलीकडे तिने पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"जेवलंस काय?"

मी पाव भाजून खाल्ला होता. बांगड्याचं तिखलं आणि भात, असं सांगितलं.