मॅक्सीआत्या

आमच्या मॅक्सीआत्याचा हात आधी चालायचा, तोंड मागून. काष्टीच्या बाजारात तिची मॅक्सी बघून एकानं शीळ घातली, तर तिनं पायातली चप्पल काढून भर गर्दीत त्याचं थोबाड रंगवलं. मग शांतपणे म्हणाली, "आता वाजव शीळ. दात हायेत का बघ आधी."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचं लग्न झालं तो बेलबॉटमचा आणि भल्यामोठ्या कॉलरचा जमाना. पुण्यातल्या पोरी मॅक्सी घालून सिनेमाला जायच्या. आमच्याकडं नायलॉनची साडी नेसली तरी सासवांच्या कपाळाला आठ्या. आत्यानं मासिकातलं चित्र बघून आपल्या मशिनीवर मॅक्सी शिवली. पिवळी फुलं, पायघोळ घेर, फुग्याच्या बाह्या, कमरेला पट्टा. पट्टा बांधला की तीच मॅक्सी लग्नाला चालायची, सोडला की घरात. उसात जाताना पाचटानं हात कापू नयेत म्हणून वरून नवऱ्याचा जुना शर्ट चढवायची.

आतोबा, म्हणजे तिचे यजमान, दारू न पिता मारायचे. लोक म्हणत, माणूस निर्व्यसनी. डोंबल! बाजारातल्या शिळेची गोष्ट कानावर गेली तेव्हा त्यांनी तिला केसाला धरून अंगणात फरफटवलं आणि कात्रीनं मॅक्सी कमरेतून कापली. आत्या त्यांच्या मनगटाला कडकडून चावली. मग सुजल्या डोळ्यानं मशिनीवर बसली आणि दुसऱ्या दिवशी त्याच कापडाचा घागरा-झंपर घालून पाण्याला गेली. बायकांनी विचारलं तर म्हणे, "नवी फॅशन हाय. मालकांनी सोता कापून दिली."

पुढं त्यांनी तो घागरा चुलीत कोंबला. तिनं हातांनी विझवला, जळका भाग कापून टाकला, उरलेला घेर झंपराला जोडला. तेव्हा पंजाबी ड्रेस नुकते आले होते. खाली सलवार घालून तिचा कुडता झाला. बाही फाटली, बिनबाह्यांची फॅशन आली. आम्हा भाचरांना केवढा अभिमान! एकाच कापडात सगळा जमाना घालून फिरते आमची आत्या, असं मी मैत्रिणींना सांगायचे.

आतोबा वारले. मुलगा संजय मोठा झाला, स्वाती सून म्हणून आली, नात झाली. अलीकडंच घरात हळदीचा कार्यक्रम होता, मीही गेले होते. स्वातीनं गुडघ्याएवढा वनपीस घातला होता. संजयनं पाहुण्यांसमोर तिला दंडाला धरून ओढलं, बाही टरकन फाटली, आणि मुस्काटात अशी ठेवून दिली की पोरगी पायरीवर आपटली. ओठातून रक्त. ती उठली, फाटकी बाही सावरली आणि हळूच म्हणाली, "आई, सुईदोरा कुठंय?"

आत्याचं तोंड पांढरंफटक पडलं. तिनं मोरीतलं कपडे धुवायचं धोपाटणं उचललं आणि संजयच्या उजव्या हातावर हाणलं, परत हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो किंचाळत होता आणि ही म्हातारी त्याच्यापेक्षा मोठ्यानं रडत होती. "तुझ्या बापाचा हात तवाच मोडला असता, तर तुझा मोडायची येळ आली नसती रं! मी शिवत बसले. लई चुकलं माझं."

दुसऱ्या दिवशी तिनं स्वातीला आणि नातीला स्वतः माहेरच्या एसटीत बसवलं. "फाटलं की शिवत बसू नगं, पोरी. निघायचं."

"आणि तुम्ही?" स्वातीनं विचारलं.

"त्याचा उजवा हात गळ्यात हाय. घास कोन भरवनार?"

मी तिला आमच्याकडं चल म्हणाले, तर मलाच रट्टा बसला. ती रोज त्याला भरवायची. तो शिव्या द्यायचा, संसार मोडलास म्हणायचा. शिव्या संपेपर्यंत ती घास धरून थांबायची, मग तोंडात घालायची.

त्याच वर्षी आत्या गेली. माझ्यासारख्या रडव्या बाईला तिच्यासारखं एकदा तरी वागता यावं, असं फार वाटतं. ती जायच्या आधी, संजयचं प्लास्टर काढलं त्या दिवशी मी तिथंच होते. संजयनं मूठ मिटून, उघडून बघितली. आत्यानं डोळे भरून ते पाहिलं, त्याच्या हातावरून हात फिरवला आणि अंगणात जाऊन स्वातीला फोन लावला.

"त्याचा हात बरा झालाय," ती म्हणाली. "आता तर मुळीच येऊ नगं."