उजव्या अंगाचा बैल

अकोल्याच्या कोर्टात साठ सालानंतर ज्याला सगळे ‘मोटारवकील’ म्हणत, तो मी नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. मोटारवकील होता माझ्याहून चार वर्षांनी लहान, अमरावतीहून आलेला एक हसतमुख गृहस्थ. ट्रकवाले, एस.टी.चे ड्रायव्हर, कापसाच्या जिनवाल्यांच्या जीपा चालवणारे, ज्याच्या लायसनवर गदा यायची तो सरळ त्याच्या टेबलाशी जायचा. मोटारीचा कायदा मला त्याच्याहून जास्त पाठ होता. जुन्या शहरातल्या खोलीत बसून मी तो घोटला होता. मोर्णा नदीच्या पुलावरून सायकलने कोर्टात येताना कलमं पुटपुटत यायचो. मला मात्र एकही ड्रायव्हर कधी काही विचारत नव्हता.

त्याची तऱ्हा वेगळी. तो ड्रायव्हरच्या शेजारी केबिनमध्ये बसून अपघाताच्या जागी जाऊन यायचा, चाकांच्या खुणा पावलांनी मोजायचा, नाक्यावरच्या हॉटेलात त्यांच्याबरोबर चहा प्यायचा. वकिलाने पक्षकाराच्या इतकं गळ्यात पडू नये, असं मी बाररूममध्ये दोन-तीनदा ऐकवलं. खरं तर माझा नुसता जळफळाट होत होता. त्याच्या केसच्या दिवशी काम नसलं तरी मी मागच्या बाकावर जाऊन बसायचो. लोकांना वाटायचं, हा शिकायला येतो. मी तो कुठं चुकतो ते बघायला जायचो, आणि तो मेला चुकत नसे.

एकदा बाररूमच्या दारात तिशीतला एक ड्रायव्हर आला. अंगात खाकी शर्ट, हातात समन्सचा कागद.

“मोटारचे वकीलसाहेब कुठी बसते जी?” त्याने मलाच विचारलं.

गाव विचारलं तर हिवरखेडच्या बाजूचा निघाला. माझंही गाव तिकडचंच. मला उगाच आशा वाटली. म्हटलं, “बस. मले सांग, काय झालं ते.”

तो बसला नाही, पण थोडक्यात सांगितलं. भर दुपारी ट्रक घेऊन येताना पुढे कापसाने भरलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, होती. त्याने हॉर्न दिला, उजव्या बाजूने पुढे निघाला, आणि बंडी एकाएकी उजवीकडे वळून ट्रकवर आली. बंडी उलटली, हाकणाऱ्याचा पाय मोडला. आता बेदरकारपणाचा खटला होता.

“दंड झाला त भरीन जी. पण लायसन नाई गेलं पायजे. धर्म बदलला तवा आमच्या घरानं गावकीची कामं सोडली. मंग मी गाडी शिकलो. ते लायसन गेलं त मले गावात जाऊन पुन्हा गाववाल्याईच्याच दारात उभं राहा लागते.”

“मग मी घेतो की तुही केस,” मी म्हणालो.

तो अवघडला. “तसं नाई जी. समद्या ड्रायव्हर लोकाईनं त्याईचंच नाव सांगतलं.”

मी बोटानेच मोटारवकिलाचं टेबल दाखवलं. दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही.

खटला उभा राहिला. मी मागच्या बाकावर होतोच. बंडीवाला कुबडी घेऊन साक्षीला आला. साधा माणूस, खोटं बोलणारा नव्हता. बंडी आपल्या बाजूने चालली होती, ट्रकनेच धडक दिली, असं तो सांगत होता आणि त्याला तसंच वाटत होतं. बैलांची हकिगत सांगताना तो सहज बोलून गेला, “लाल बैलाचा खांदा सुजला होता. मंग मी त्या दिवशी त्याले उजवीकडून काढून डावीकडं जुपला.”

मॅजिस्ट्रेटनी ते लिहून घेतलं. ते कोकणातले. सरकारी वकील नागपूरचे. मोटारवकिलाने वेग विचारला, हॉर्न विचारला, ब्रेकच्या खुणा विचारल्या. बैलाचं काहीच विचारलं नाही. शहरात वाढलेला माणूस, त्याला त्यात विचारण्यासारखं काही दिसलंच नाही.

मला दिसलं. मी बैलांच्या मागेच वाढलो. वर्षानुवर्षं उजव्या अंगाला चाललेला बैल डावीकडे जुंपला की तो बिचकला म्हणजे आपल्या जुन्या जागेकडे रेटतो. जोडीदाराला ढकलतो आणि अख्खी बंडी उजवीकडे फिरते. मागून हॉर्न वाजला आणि तेच झालं. ड्रायव्हर खरं बोलत होता.

आमच्या कोर्टात एक रीत होती. कुणी उलटतपासणीला उभा असला आणि मागे बसलेल्याला प्रश्न सुचला, की तो चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवायचा. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. मी खिशातून कागद काढला. ‘बैलाची बाजू विचारा’ इतकं लिहिलंसुद्धा. मग मनात आलं, ही केस सुटली की उद्यापासून शेतकऱ्यांच्या बंड्यासुद्धा ह्याच्याच टेबलाशी लागतील. मी कागदाची घडी केली आणि बूड टेकून बसून राहिलो. साक्षीदार कुबडी टेकत उतरला.

दंड झाला. लायसन तीन वर्षं बंद.

बाररूममध्ये मोटारवकील माझ्यासमोर येऊन बसला. त्याचा चेहरा उतरला होता. “तुमी मांगं बसले होते. माहं काही राहून गेलं का?”

“नाही हो. साक्षीदारच पक्का होता,” मी म्हणालो.

त्याने अपील केलं. बैलाचं वाक्य कागदपत्रांत होतंच, मी कोणत्याही दिवशी बोट ठेवून दाखवू शकलो असतो. अपिलाच्या तारखा गेल्या, सुनावणी झाली, मी काही बोललो नाही. अपिलातही तेच कायम झालं.

त्या दिवशी ड्रायव्हर बाररूममध्ये निरोप घ्यायला आला. मोटारवकिलाला ‘गावाला चाललो’ म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “साहेब, तुमची केस नसतानी तुमी हरेक तारखेले येऊन बसले. आपल्या भागातलं कोणीतरी हाये, याचा मले लय धीर वाटला.”

त्याने हात जोडले. मीही जोडले. इतकं झाल्यावर तरी माझी जळजळ शमली असेल, असं कुणालाही वाटेल. पण त्याने आधी हात जोडले होते ते मोटारवकिलाला, आणि तेही मला खुपलंच.