सहा बटणं

आख्ख्या ऑफिसात माझ्याएवढं फास्ट लॉगिन कुणाचं नव्हतं. वाचता मला एक अक्षर येत नव्हतं.

दोन हजार आठ-नऊ साल असेल. जेसल पार्कात एका ऑफिसात मी झाडूपोछा करायचो. ठेकेदाराने हजेरीचं रजिस्टर बंद केलं. म्हणाला, आता हजेरी वेबसाइटवर. सकाळी आठला रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर प्रत्येकाने लॉगिन करायचं. नाही केलं तर खाडा.

म्हणजे मेलोच. शाळेच्या भिंतीला मी चुना लावलाय, आत कधी बसलो नाही. पण मॅनेजर साहेब म्हणाले, "घाबरतो काय, मी शिकवतो." वरच्या चौकोनात माझा नंबर, एकवीस. आकडे यायचे मला, बसचे नंबर बघून बघून. खालच्या चौकोनात पासवर्ड. साहेबांनी बोट ठेवून सहा बटणं दाखवली. मधलं. डावीकडचं टोकाचं. टोकापासून तिसरं. मधल्याच्या बाजूचं. परत टोकाचं. मग खालच्या ओळीतलं एक. स्क्रीनवर नुसते ठिपके उमटायचे. काय लिहितोय ते विचारायचं सुचलंच नाही. साहेबांनी स्वतः शिकवलं म्हणून मी त्यांच्या पाया पडलो. खरंच पडलो.

रोज सकाळी साहेब ओरडायचे, "चल रॉकेट, लॉगिन मार!" मी मारायचो. ऑफिसातले सगळे हसायचे. मला वाटायचं, माझ्या स्पीडला हसतात. मग मी अजून नाटक करायचो. डोळे मिटून दाबायचो. झाडू बगलेत धरून दाबायचो. माझ्यामागे कमळमावशीचा नंबर. मावशी पेणकरपाड्याची, साठीला टेकलेली, संडास धुवायची. तिलाही बटणं साहेबांनीच दाखवलेली. तिच्या वेळेसपण सगळे हसायचे. मी सगळ्यात मोठ्याने.

सहा महिने.

एका सकाळी रिसेप्शनला पाहुणे बसलेले. मला चेव चढला. डोळे मिटले आणि नंबर न टाकताच सहा बटणं मारली. वरच्याच चौकोनात. तिथे ठिपके येत नाहीत, अक्षरं येतात. एका पाहुण्याने मोठ्याने वाचलं, "गाढव."

साहेब पोट धरून हसत म्हणाले, "अरे रॉकेट, पासवर्ड वरती लिहिलास की!"

आणि मी काय केलं? गाढवासारखं ओरडून दाखवलं. तीन वेळा. हे सांगताना आजपण कानशिलं तापतात. गाढव त्यांनी केलं, ओरडलो मी.

जिन्याखाली संजाला गाठलं. संजा माझा जोडीदार, लाद्या पुसायचा, सातवी शिकलेला. आम्ही एका डब्यात जेवायचो.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"तूच सगळ्यात जास्त हसायचास ना यार. मला वाटलं, तुला चालतंय."

साला बरोबर बोलला. मला सगळं चालतंय, हेच मी आयुष्यभर दाखवत आलो. मराठवाड्यात बाप पाटलाच्या दारात मान खाली घालून उभा राहायचा. मी इथे दात काढून उभा. फरक एवढाच, बाप हसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आठला साहेब म्हणाले, "चल रॉकेट." मी हात मागे बांधले.

"ते नाही दाबणार. पासवर्डला माझं नाव टाका."

"स्पेलिंग सांग, टाकतो."

मला सांगता आलं नाही. सगळे हसले. मी हसलो नाही. लय जड गेलं, तोंडाला सवय होती.

"खाडा लावीन."

"लावा."

चार दिवस खाडे. चारी दिवस काम मात्र पूर्ण केलं. जेवणाच्या सुट्टीत संजाने पुठ्ठ्यावर सगळी बटणं काढून दिली, वर एक एक अक्षर. मी बोट ठेवून बोलायचो. तो मान वर करत नव्हता. मी त्याला माफ नाही केलं. डबा मात्र एकच ठेवला.

पाचव्या दिवशी साहेबांना ठेकेदाराचा फोन आला, माणूस चार दिवस गैरहजर आणि सफाईची एक तक्रार कशी नाही? साहेबांचं तोंड उतरलं. मी त्यांना माझं नाव एक एक अक्षर करून सांगितलं. त्यांनी टाकलं. मग मी खुर्चीत बसलो. इतके दिवस उभ्यानेच दाबत होतो. डोळे उघडे ठेवून दाबलं. ऑफिसातलं सगळ्यात स्लो लॉगिन. पण आत गेलो. तिथेच ठरवलं, वाचल्याशिवाय कुठे बोट लावणार नाही, आणि कशाला हसतात ते कळल्याशिवाय कुणाबरोबर हसणार नाही.

उठलो, छाती काढली. "बघितलंस मावशी? माझं नाव!"

मावशी ओले हात पदराला पुसत पुढे आली.

"तुजं झालं न्हवं? मग आता माजी बटनं वाच. सा म्हैने दात काढत व्हतास, काय लिवलंय ते तरी सांग."