गिरणीच्या भिंतीवरचं कोडं

बाबा एसटीत कंडक्टर होते. कळमनुरी, औंढा, हट्टा असं फिरता फिरता लोकांनी टाकून दिलेल्या जुन्या वस्तू घरी आणायचा त्यांना नाद लागला. पितळी मापं, मोट, काठवटी. आई वैतागायची, पण घासूनपुसून ठेवायचीही तीच. निवृत्तीनंतर बाबांनी घरालगतच्या दोन खोल्यांत संग्रहालय मांडलं आणि मी त्याची वेबसाइट केली. महिनाभर ती पाहिली कोणी, तर आम्ही दोघांनी आणि पुण्यातल्या माझ्या बहिणीनं.

"लोकाला ठाऊकच न्हाई, तर पाहतील काहून?" बाबा म्हणाले. "कागदावर छाप. जिथं माणूस नुसता बसून राहतो, तिथं लाव."

अशी जागा म्हणजे पिठाची गिरणी. मी एका वस्तूचा मोठा फोटो छापला. लाकडी वाटी, तिच्या बुडाला भोक आणि त्यात बसवलेली बांबूची लांब नळी. खाली लिहिलं, 'हे काय आहे, ओळखा. उत्तर मोबाईलवर.' शेजारी स्कॅन करायचा चौकोन. ती वस्तू बाबांना भंगारवाल्याकडे मिळाली होती. तेल ओतायचं नरसाळं असणार, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं होतं आणि वेबसाइटवर तसंच लिहिलं होतं.

चार दिवसांनी गिरणीवाल्याचा फोन आला. "ताई, तुमच्या कागदापायी इथं भांडणं होऊन राहिलीत. या बरं."

आम्ही दोघं गेलो. दळणाच्या डब्यावर एक म्हातारी बसली होती. शेजारणीच्या मोबाईलवरून तिनं उत्तर वाचून घेतलं होतं.

"तूच का लिहिणारी?" तिनं मला विचारलं. "तेलाचं नरसाळं म्हणे! अगं बाई, मोघं हाय ते. जलमभर तूर पेरली म्या ह्याच्यानं."

बाबांनी तिचा डबा उचलला आणि तिला थेट घरी आणलं. अंगणात तिनं मोघं उभं धरलं, नळीचं टोक मातीला लावलं आणि हळूहळू चालू लागली. "पुढं तिफण, तिच्यात जवारी. मागं मी, माझ्या मोघ्यात तूर. मूठ अशी सैल ठिवायची. आवळली की बी अडकतं, सोडली की सांडतं." रिकाम्या मुठीतून तिची बोटं बी सोडत होती.

बाबा मोबाईलवर चित्रण करत होते. "आक्का, अजून एकदा चाला."

"यष्टीतबी तुमी हेच म्हणायचे, पुढं चला, पुढं चला," ती म्हणाली. आई हसून हसून पायरीवरच बसली.

संध्याकाळी मी वेबसाइटवरचं नरसाळं खोडलं आणि तिचं ते चालणं तिथं टाकलं. चूक केल्याची मला फार लाज वाटत होती. बाबांना मात्र आनंदच झालेला. "आता ज्याचं उत्तर आपल्याला येत न्हाई, तेच छापायचं," ते म्हणाले.

तेव्हापासून आमच्या कागदांवर 'ओळखा'च्या जागी 'आम्हाला सांगा' असतं. कळमनुरीच्या बाजारात, औंढ्याच्या प्रसादाच्या दुकानांत ते लागलेत. लोक वेबसाइट पाहतात आणि चुका काढायला घरी येतात. आई सगळ्यांना चहा करते.

एक लोखंडी आकडा तेवढा अजून कोणाला ओळखू आलेला नाही. कागदाला उत्तर येईना म्हणून हल्ली बाबा तो पिशवीत घालून लग्नांनाही नेतात.