आईच्या लाळेची नळी

लोकांची लाळ गोळा करणं हे माझं काम, असं पाहुण्यांना सांगितलं की ते चहाचा कप खाली ठेवतात. समजावून सांगायचं मी आता सोडलं आहे. चंद्रपूरच्या एका लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचा घोटलेला मावा, खाऊन तोंडाचा आजार झालेल्यांच्या लाळेत कोणती प्रथिनं वाढतात, कोणती घटतात, ते आम्ही शोधतो. पुढेमागे नुसत्या थुंकीवरून आजार वेळेत ओळखता यावा म्हणून. हे पुढेमागे कधी उजाडणार, ते मला विचारू नका.

आजारी माणसं पायलीला पन्नास मिळतात. अडतं ते निरोगी माणसांवाचून. तुलनेसाठी कधीच खर्रा न खाल्लेले लागतात, आणि माझ्या गावी, घुग्घुसला, ते आणायचे कुठून? "तासभर काही खाल्लं नाही ना?" विचारलं की उत्तर येतं, "नाई जी, सकाळपासून उपाशी." आणि गाल फुगलेला. बोट दाखवलं तर म्हणणार, "खर्रा थोडी जेवण आये, बाई." नळी फेकायची, पुढच्याला बोलवायचं. वर्षभर हेच करून मी विटले होते.

म्हणून एका दुपारी शेवटची नळी मी आईच्याच हातात दिली. खर्‍यावरून ती बाबांना रोज बोलायची. फॉर्मवर 'कधीही खाल्ला नाही' यापुढे मी तिला न विचारताच टिक केली. तिनं पदराआड नळी भरून दिली, मी नंबर घातला.

नमुने बाहेरगावच्या मोठ्या मशीनवर गेले. सहा महिन्यांनी निकाल आला. स्क्रीनवर प्रत्येक नमुन्याचा एक ठिपका; एकीकडे निरोगी, दुसरीकडे आजारी. निरोगी म्हणून नोंदलेला एक नंबर मात्र आजाऱ्यांच्या घोळक्यात होता. लॅबचे सर जांभई देत म्हणाले, "पाठवताना बर्फ कमी पडला असेल. बिघडलाय नमुना, बाद करा." नमुना कुणाचा ते आम्हाला कळू नये म्हणूनच नंबर असतात. पण हा मला पाठ होता. मी ती ओळ खोडली.

घरी जाताना बस कोळशाच्या ट्रकांमागे रांगत होती. सरांचंच खरं असावं असं मला फार वाटत होतं. पण घरी वर्षभर भाजी सपक होत होती. बाबांच्या ॲसिडिटीमुळे, असं आई सांगायची आणि आम्ही तिची थट्टा करायचो. 'तिखट सोसत नाही' ही आजाऱ्यांची तक्रार मी लॅबमध्ये रोज लिहून घेते. घरात ते माझ्या डोक्यात आलं नाही, याची मला लाज वाटली.

आई कणिक मळत होती.

"आई, तोंड उघड."

"काऊन?"

"उघड ना."

निरोगी तोंडात उभी तीन बोटं आत जायला हवीत. दोन गेली, तिसरं दातांवर अडलं. मी पुन्हा करून पाहिलं. तिच्यावर ओरडायचंही त्राण माझ्यात नव्हतं. नुसती भीती वाटत होती.

"तुह्या बाबाच्या पुडीतलाच घेत होती, चिमूटभर," ती हळूच म्हणाली. "तू शाळेत होती तवापासून."

मी उद्या सुट्टी काढून तिला दवाखान्यात न्यायचं ठरवलं. ती कणकेचे हात तसेच धरून माझ्याकडे पाहत होती.

"तुह्यी नळी खराब होऊ नये म्हणून चार खेपा चूळ भरली होती मी. तरी खराब झाली काय?"

"नाही," मी म्हटलं. "तुझी नळी चांगली होती."