तळं व्हतं

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील चळवळीतले. घरात पुस्तकं मोजकी, पत्रकांचे गठ्ठे मात्र पलंगाखाली, माळ्यावर, पिठाच्या डब्याशेजारी. वर्गातली पोरं ‘कमळ’ वाचत होती तेव्हा मी ‘जाहीर निषेध’ वाचत होते. एकदा छापखान्यात ‘आवाहन’चं ‘आव्हान’ झालं आणि वडिलांनी क्रांती चौकात अख्ख्या शहराला सभेला येण्याचं आव्हान दिलं. लोक आले. काही बाह्या सरसावून आले. तेव्हापासून छापलेल्या शब्दावर माझं प्रेम आहे, पण आदर बेताचाच.

असल्या मुलीला वाचनचाचणी घ्यायला पाठवू नये. पण गेल्या वर्षी एका संस्थेला माणसं हवी होती आणि मला काम. शहराच्या कडेच्या वस्तीतल्या शाळेत चौथीच्या मुलांना एकेक करून समोर बसवायचं, मोठ्यानं वाचायला लावायचं आणि चुकलेल्या शब्दावर रेघ मारायची. शेवटी मूल ‘अक्षर’, ‘शब्द’, ‘उतारा’ की ‘गोष्ट’ पातळीचं, ते लिहायचं. तीनपेक्षा जास्त चुका झाल्या की ‘गोष्ट’ गेली. ‘गोष्ट’वाल्यांना पेटीतलं एक पुस्तक घरी न्यायला मिळायचं. बाकीच्यांना शब्दांची कार्डं.

एक मुलगी आत आली ती थेट पेटीकडे. आईबाप त्याच वर्षी गंगापूरकडून बांधकामावर आलेले. अस्वलाचं चित्र असलेल्या पुस्तकावर तिनं तळहात ठेवला.

“ताई, हे मी नेणार.”

“आधी वाच.”

“वाचते की. पर तवर हे कुणाला देऊ नका.”

मी कागद तिच्यापुढे सरकवला. कागदावर होतं : एका गावात एक तळे होते. तिथे खूप बेडूक राहत होते.

तिनं बोट न लावता, न अडखळता वाचलं, “एका गावात एक तळं व्हतं. तिथं लई बेडकं राहत व्हती.”

दुसऱ्या ओळीतच तिचा निकाल लागला. पोरगी पुढं धडाधड वाचत होती, बेडकांशी भांडत होती, म्हाताऱ्या बेडकाचा आवाज काढत होती, आणि मी हातातलं पेन नुसतं धरून बसले होते. रेघ मारायची तर दर दुसऱ्या शब्दावर मारावी लागली असती.

मागे तपासणीला आलेले सर उभे होते. वयानं माझ्याएवढेच, गळ्यात ओळखपत्र. ते म्हणाले, “मॅडम, रेघा?”

“कशाला? तिला सगळं वाचता येतंय.”

“तिला वाचता येतंय, पण जे छापलंय ते वाचलं पाहिजे ना.”

“‘छापले आहे’,” मी म्हणाले. “एक चूक.”

“अहो, मी बोलतोय. वाचत नाय.”

“‘नाय’. दोन.”

मुलगी फिसकन हसली. सरही हसणार होते, पण ओळखपत्राला हात लागला आणि सावरले. “माझं गाव अजिंठ्याजवळचं आहे मॅडम. घरी मीबी असंच बोलतो. पण कुणाला सोडायचं नि कुणाला नाही, हे प्रत्येकानं आपापलं ठरवलं तर चाचणी कशाची?”

प्रश्न बरोबर होता. म्हणून मी आवाज चढवला. मुलांच्या तोंडची भाषा चूक ठरवणाऱ्या चाचणीविरुद्ध पत्रक काढीन, शाळेच्या फाटकावर वाटीन, असं मी जाहीर केलं. मथळासुद्धा सुचला होता.

“पत्रक नको,” सर घाईनं म्हणाले. “नियमात एकदा दुसरी गोष्ट वाचायला देता येते. ती द्या.”

मुलगी आलटूनपालटून आमच्या दोघांकडे बघत होती. मग तिनं सरळ सरांना विचारलं, “टीव्हीतल्या बातम्यावाल्या बाईसारखं वाचू का? तसं पायजे का तुम्हाला?”

सर म्हणाले, “व्हय.” मी तीन मोजले, पण मनात.

तिनं पाठ ताठ केली, वेणी पुढं घेतली आणि समोरच्या भिंतीवर कॅमेरा असल्यासारखी मान उचलली. “रविवारी आई बाजारात गेली. तिने केळी आणि बटाटे घेतले. घरी येताना पिशवी फाटली.” प्रत्येक ‘ने’ आणि ‘ले’ असा लांबवला, की बटाटे दिल्लीहून आले असावेत. शेवटच्या शब्दानंतर ती गोड हसली. “आता घेऊया एक छोटासा ब्रेक.”

“हे वाक्य कागदावर नाही,” सर म्हणाले.

“मग धरा एक चूक. तिला तीन माफ आहेत.”

सरांनी ‘गोष्ट’वर खूण केली. मला मात्र राहवलं नाही. “काय गं, पिशवीचं काय झालं?”

“कुठली पिशवी?”

“आत्ता वाचलीस ती.”

“ते बातम्यावाल्या बाईनं वाचलं. मला काय म्हाईत!”

“आणि बेडकांचं?”

“त्येंचं तळं आटलं ना. तरणी म्हणत व्हती विहिरीत उडी मारू. म्हातारं म्हणलं, तिचं पाणी आटलं तर वर कसं येताल? लई हुशार व्हतं ते.”

मी सरांकडे पाहिलं. सर कागदाकडे. कळलं की नाही ते लिहायला त्यावर जागाच नव्हती. “मी वर कळवतो,” ते हळूच म्हणाले, आणि या वेळी मी चूक शोधली नाही.

मुलगी तोवर अस्वलाला घेऊन पसार झाली होती. मला लढा हवा होता, तिला अस्वल. ते तिला मिळालं, तेही मी जिच्याविरुद्ध ओरडत होते त्याच छापील भाषेत.

शाळा सुटल्यावर मी फाटकाशी रिक्षाची वाट बघत होते. ती पायरीवर पुस्तक उघडून बसली होती. भोवती तीन-चार बारकी पोरं. “जंगलात एक अस्वल व्हतं,” ती वाचत होती, “त्याला लई भूक लागली व्हती.”

एका पोरानं पानात डोकं घातलं. “ए, इथं तर ‘खूप’ लिहिलंय.”

“मला दिसत नाय व्हय?” तिनं त्याचं डोकं बाजूला सारलं. “ते छापताना चुकलंय. मी दुरुस्त करून वाचतेय. गप बस.”