आत्याचं नाक आणि पिवळं पाणी

आत्याला सगळी गल्ली आत्याच म्हणायची, अगदी तिच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा. बंद पडलेले मोबाइल, जळके संगणक, मुकाट झालेले रेडिओ, लोकांना जे जे नकोसं होई ते तिच्या दारात येऊन पडे. त्यातल्या हिरव्या पट्ट्यांवरचं सोनं तेजाबाने सोडवायचं, हा तिचा एकोणीस वर्षांचा उद्योग. जागा म्हणाल तर स्वयंपाकघरामागची खोली, भांडं म्हणाल तर जाड काचेची एक बरणी. आणि मापं? मापं तिच्या नाकात होती. बरणीतून घशाला झोंबणारा वास यायचा थांबला की नको असलेलं तेजाब उडालं, आता सोनं खाली बसवायची पूड टाकायची, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिनेही कुणाला विचारलं नव्हतं.

या बरणीपायी मायलेकींचं बिनसलं होतं. लेक दोन गल्ल्या सोडून राहायची. तिची तीन वर्षांची मुलगी आजीकडे तासभर खेळली की छातीतून शिट्ट्या वाजायला लागत. दोनदा दवाखाना झाला, तेव्हा लेकीने साफ सांगितलं, की घरात तेजाब आहे तोवर पोरगी या उंबऱ्याच्या आत येणार नाही. आत्या भांडली, रुसली, आपण याच धुरात तुला वाढवलं म्हणाली. पण खरं सांगायचं तर लेकीचं बरोबर होतं आणि ते आत्याला पक्कं ठाऊक होतं. धंदा सोडावा तर खाणार काय, आणि धरावा तर नात दुरून हात हलवणार. वर्षभर तिने हे असं इकडे आड तिकडे विहीर काढलं.

मग गावाबाहेर जुन्या उपकरणांतले धातू काढायचा रीतसर कारखाना निघाला. तिथल्या तेजाबाच्या खोलीत माणूस हवा होता. कारखान्याच्या मॅडम रसायनाच्या पदवीधर, पण पदवीपेक्षा हात बघणाऱ्या. त्यांनी आत्याला सोन्याच्या पापुद्र्यांची एक वाटी दिली. त्यात सोनं किती, हे प्रयोगशाळेने आधीच ठरवलेलं. तेवढं काढून दाखवा आणि कामावर या, असा सरळ मामला. आत्या मनात म्हणाली, हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ.

काम काचेच्या कपाटात करायचं होतं. वरचा पंखा धूर असा ओढून घेई, की बाहेर कणभर वास नाही. पापुद्रे विरघळले, पाणी पिवळंधमक झालं. आत्याने सवयीने नाक पुढे केलं. वास नाही. म्हणजे तेजाब उडालं, असा हिशेब करून तिने पूड टाकली. पाण्यात तपकिरी ढग उठला आणि बघता बघता विरून गेला. बसेल रात्रीतून, असं म्हणून ती घरी गेली.

सकाळी पाणी तसंच पिवळं आणि भांड्याचा तळ स्वच्छ. आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. मॅडम यायच्या होत्या. टाकाऊ पाणी नेणारा कामगार पिंप घेऊन दारात उभा राहिला, आणि झालं असेल तर ओतून टाकू का, म्हणाला. या धंद्यात अशा वेळी एक वाक्य तयार असतं: माल हलका होता. आत्यानेही ते घरी दोनदा वापरलं होतं. माल देणाऱ्याला चार शब्द सुनावले होते आणि पाणी मोरीत ओतलं होतं. आता पिवळ्या पाण्याकडे बघताना तिला एकदम आठवलं, की दोन्ही वेळा तिला सर्दी झाली होती.

म्हणजे माल हलका नव्हताच. तेजाब शिल्लक होतं, आणि खाली बसू पाहणारं सोनं तेच पुन्हा गिळत होतं. दोन्ही वेळा तिने सोनं मोरीत घातलं होतं. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती. तरी झाकली मूठ सव्वा लाखाची, गप्प बसलं तर चूक कुणाला दिसणार होती? पण पाणी पिंपात गेलं की सोनंही गेलं, आणि त्याबरोबर नातही. तिने कामगाराला थांबवलं आणि मॅडम येताच सांगून टाकलं.

"मॅडम, माल चांगला आहे. सोनं या पाण्यातच आहे. मी आजवर वासावर काम केलं, आणि इथे वासच येत नाही. मला पुढचं कळत नाही."

मॅडमनी कागदावर त्या पाण्याचा एक थेंब घेतला, त्यावर दुसऱ्या बाटलीतला थेंब सोडला. डाग गडद जांभळा झाला. सोनं होतं, भरपूर होतं.

"इथे वास आला, तर आपण काम बंद करतो," मॅडम म्हणाल्या. "याआधी दोघं पदवीधर येऊन गेले. दोघांनी माल हलका म्हणून सांगितलं."

मग त्यांनी उरलेलं तेजाब मारायची पांढरी पूड दाखवली. चमचा चमचा टाकायची, फसफस पूर्ण थांबेपर्यंत. आत्या नाक बाजूला ठेवून डोळे आणि कान लावून बसली. त्यानंतर सोनं खाली बसवायची पूड टाकली, तेव्हा ढग उठला तो विरलाच नाही. तपकिरी गाळ संथपणे तळाशी बसला. दुपारी डाग पुन्हा घेतला, तर कागद कोराच राहिला. वाळवून तोललं, तर प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा रतीभरच कमी. मॅडमनी सोमवारपासून यायला सांगितलं, पण एका अटीवर: घरातली बरणी आणि तेजाब आधी इथे जमा करायचं.

आत्याने बरणी दिली तेव्हा तिला थोडं रडू आलं. एकोणीस वर्षं त्या बरणीनेच तिला पोसलं होतं.

मागची खोली मायलेकींनी मिळून धुतली. भिंती लेकीने घासल्या. चुना दोनदा दिला, खिडकी महिनाभर उघडी ठेवली. मग एका रविवारी दुपारी लेक मुलीला घेऊन आली. तासाभरात परत निघायच्या बोलीवर आली होती, बूटसुद्धा काढले नव्हते. पोरगी त्या खोलीत खेळली, धावली, आणि आजीच्या मांडीवरच झोपली. लेकीने वाकून तिच्या छातीला कान लावला. एकही शिट्टी वाजत नव्हती.

मग तिने बूट काढून ठेवले.

"उठवू नकोस तिला," ती म्हणाली. "उद्या नेते."